एका पैचा हिशेब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



उत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या असं मंदिरातल्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. मी कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि तीसेक वर्षं बदलापूरहून लोकल पकडून उल्हासनगरला उतरत कारकुनी केली. सकाळी अंबरनाथ आलं की गर्दीतूनच प्राचीन शिवमंदिराच्या दिशेला हात जोडायचे आणि मग दिवसभर आकडे. देवाचं काय ते रिटायर झाल्यावर बघू, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

रिटायर झालो. पारायणाला बसलो, जपाला बसलो. पंधरा मिनिटं झाली की मन कुठच्या कुठे जायचं. हळूहळू एक खंत मनात घर करून बसली. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली, आता या वयात देव कुठून जवळ येणार?

एका गुरुवारी मंदिरात आरती चालू होती. टाळ वाजवता वाजवता एकदम लक्षात आलं, की आपण सगळे जी दत्ताची आरती डोळे मिटून म्हणतो, ती रचणारे एकनाथ महाराज स्वतः तरुणपणी हिशेब लिहायच्या कामाला होते! त्यांना गुरूंनी जो बोध केला तो देवघरात नाही, जमाखर्चाच्या वहीशेजारी केला. घरी आलो आणि नाथांचं चरित्र पुन्हा काढून वाचलं. या वेळी एका कारकुनाच्या नजरेने वाचलं. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

पैठणचं पोरकं पोर

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण सन १५३३ चा मानतात. घराणं मोठं भक्तिमान. विजयनगरला नेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरपूरला परत आणली असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते संत भानुदास हे नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. पण आईवडिलांचं सुख काही नशिबात नव्हतं. दोघंही नाथांच्या लहानपणीच गेली. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी या पोराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

मुलगा हुशार, पण त्याचं खेळणं वेगळं. दगडाचा देव मांडायचा, खांद्यावर काहीतरी घेऊन वीणा म्हणून वाजवायचं, नाचायचं. मुंज झाली, शिक्षण सुरू झालं, तरी त्याचं समाधान होईना. मला गुरू कोण भेटेल, हा एकच ध्यास. परंपरा सांगते, की शंकराच्या देवळात बसला असताना त्याला आतून आवाज ऐकू आला, देवगडावर जनार्दनपंत आहेत, त्यांच्याकडे जा. वय जेमतेम बारा. आजीआजोबांना न सांगता पोर निघालं. देवगड म्हणजे देवगिरी, आपण ज्याला दौलताबादचा किल्ला म्हणतो तो. पैठणहून साठ-पासष्ट किलोमीटर. म्हातारा-म्हातारीने मागे किती शोधाशोध केली असेल, ते आपल्यासारख्या नातवंडं असलेल्यांनी मनात आणून पाहावं.

किल्लेदार गुरू

ज्यांच्याकडे नाथ गेले, ते जनार्दनस्वामी कोणी मठाधिपती नव्हते. मूळचे चाळीसगावचे देशपांडे, आणि निजामशाहीच्या अमलात देवगिरीचे किल्लेदार. म्हणजे आजच्या भाषेत सरळसरळ नोकरदार माणूस, तोही मुसलमान राजाच्या चाकरीत. गड सांभाळायचा, शिबंदी सांभाळायची, धान्याची कोठारं, दारूगोळा, वसूल, सगळ्याचा जाब द्यायचा. एवढा व्याप सांभाळून हा माणूस पहाटे उठून दत्तात्रेयाच्या ध्यानात बुडून जायचा. ते दत्तप्रभूंचे परमभक्त. त्यांच्यासाठी गडावर गुरुवारी कामाला सुट्टी असायची असंही सांगतात.

यातली गोष्ट आपण नीट पाहावी. संसार सोडून हिमालयात गेलेला गुरू नाथांना मिळाला नाही. कचेरी चालवणारा गुरू मिळाला. आणि त्या गुरूने आलेल्या पोराला लगेच मंत्र देऊन आसनावर बसवलं, असंही झालं नाही. कामाला लावलं. पाणी भरणं, पूजेची तयारी, झाडलोट, पाय चेपणं, आणि जरा मोठा झाल्यावर हिशेब.

एक प्रसंग असा सांगतात. स्वामी समाधीत बसलेले असताना गडावर शत्रू चालून आल्याची हूल उठली. गुरूंचं ध्यान मोडायचं नाही आणि गुरूंच्या कामात खोटही येऊ द्यायची नाही. एकनाथाने स्वामींचं चिलखत अंगावर चढवलं, हत्यार घेतलं, घोड्यावर बसला आणि सैन्य घेऊन निघाला. शत्रू हटवून परत आला, चिलखत जागच्या जागी ठेवलं आणि पुन्हा आपल्या सेवेला लागला. स्वामींना त्याने सांगितलंसुद्धा नाही. त्यांना ते मागाहून दुसऱ्यांकडून कळलं.

ती रात्र

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो प्रसंग.

एके दिवशी हिशेबात एका पैचा फरक आला. जमा आणि खर्च काही केल्या जुळेना. ज्यांनी बँकेत काम केलंय त्यांना हे सांगायला नको. कॉम्प्युटर येण्याआधी आम्ही हातानेच लेजर लिहायचो आणि महिनाअखेरीला खाती टॅली करायचो. फरक आला की आधी बघायचं, त्याला दोनने भाग जातो का. गेला तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, ती जमेऐवजी नावे पडलेली असते. नऊने भाग गेला तर आकड्यांची उलटापालट झालेली असते, ६३ चे ३६ लिहिले जातात. या युक्त्या मोठ्या फरकाला चालतात. एका पैला काही चालत नाही. सगळ्या वह्या पहिल्यापासून तपासायच्या, दुसरा इलाजच नाही. आणि एवढ्याशा रकमेसाठी कोण जागतो? पदरचे पैसे टाकून घरी जायचं मन होतं. कधी कधी आम्ही तसं केलंही आहे, खोटं कशाला सांगू?

एकनाथाने तसं केलं नाही. गुरूंची शेज करून, ते झोपल्यावर तो दिवा घेऊन वह्या मांडून बसला. एक प्रहर गेला, दोन गेले. दिव्यात तेल घातलं, वात सारली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. तहान नाही, झोप नाही, आजूबाजूला काय आहे याची शुद्ध नाही. तिसऱ्या प्रहराच्या सुमारास ती चूक सापडली. आणि त्या आनंदात, आपण कुठे आहोत, किती रात्र झाली आहे हे विसरून त्याने मोठ्याने टाळी वाजवली.

स्वामी जागे होऊन केव्हाचे त्याच्यामागे उभे होते. एवढा आनंद कशाचा, म्हणून त्यांनी विचारलं. एकनाथाने एका पैची चूक सापडल्याचं सांगितलं. त्यावर स्वामींनी त्याला जे समजावलं त्याचा भावार्थ असा, की एक पै सापडल्यावर तुला एवढा हर्ष होतो, मग या संसारात आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत ही जी मोठी चूक, ती सापडली तर किती होईल? आज जसं चित्त या वहीत लावलंस, तसंच ते भगवंताकडे लाव.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटायचं, स्वामींनी हिशेबाला क्षुल्लक ठरवलं. वह्या सोड, देवाला धर, असं सांगितलं. आता वाटतं तसं नाही. स्वामींनी हिशेब बंद करायला सांगितला नाही. शिष्यात एकाग्रता आहे की नाही, लहानशा गोष्टीतही खोटेपणा न खपवण्याची वृत्ती आहे की नाही, हे त्यांना त्या रात्री दिसलं. ज्याला एका पैची खोट सहन होत नाही, त्याला स्वतःच्या मनातली खोटही सहन होणार नाही, हे त्यांनी ओळखलं. साधनेचं सगळं साहित्य तिथेच तयार होतं. फक्त तोंड आत वळवायचं होतं.

पण दुसरी बाजूही विसरू नये. नुसतं काम चोख केलं म्हणजे देव भेटला, असंही स्वामींनी म्हटलं नाही. मी तीस वर्षं हिशेब जुळवला, पण तो आत वळवला नाही. माझी चूक बँकेत वर्षं घालवली ही नव्हती. माझ्या ओळखीतही किती जण आहेत, वह्या आरशासारख्या स्वच्छ आणि मन मात्र हेव्याने भरलेलं. माझंही त्यात नाव घाला.

मलंगाच्या वेषात

यानंतर स्वामींनी नाथांना दत्तदर्शन घडवलं. ती कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दत्तप्रभू आले ते मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेषात, बरोबर कुत्रा. स्वामी त्यांच्याबरोबर एका पात्रात जेवायला बसले. एकनाथ पाहून चक्रावला. ज्यांची एवढी वर्षं वाट पाहिली ते समोर उभे, आणि ओळखू येईनात! पुढे गुरूंनी खूण पटवल्यावर त्याला साक्षात्कार झाला. मग स्वामींच्या आज्ञेने नाथांनी खुलताबादजवळच्या शूलिभंजन डोंगरावर अनुष्ठान केलं. तिथे आजही दत्तमंदिर आहे.

ही कथा वाचताना मला माझा काउंटर आठवतो. एकदा पेन्शनच्या दिवशी, वेळ संपत आलेली असताना एक म्हातारी आली. अंगठा उठत नव्हता, कागद अपुरा होता. नियमाप्रमाणे मी तिला उद्या यायला सांगितलं. नियम बरोबर होता, पण मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. ती बाकावर बराच वेळ बसून राहिली आणि मग निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्या महिन्यातही आली नाही. त्या संध्याकाळी माझी कॅश पैशापैशाला जुळली होती. पण मलंग येऊन गेला आणि मी ओळखला नाही, ही रुखरुख आजही आहे. ती बाकी कुठल्याच लेजरमध्ये दिसली नाही.

घरी परत जा

गुरूंबरोबर नाथ नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेले. तिथे गुरुआज्ञेने त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. मग तीर्थयात्रा करून ते पैठणला आले. थकलेल्या आजीआजोबांची भेट झाली. आता स्वामींनी काय आज्ञा करावी? संन्यास घे, अशी नाही. पैठणलाच राहा आणि लग्न कर, अशी. विजापूरकडच्या गिरिजाबाई त्यांच्या घरी आल्या. हरिपंडित हा मुलगा आणि दोन मुली झाल्या. कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव.

गिरिजाबाईंचं नाव आपण कमी घेतो. नाथांच्या घरी रोज पंगत. कोण कधी येईल नेम नाही. भर पावसात मध्यरात्री पाहुणे आले तेव्हा सरपण नव्हतं, तर नाथांनी पलंग मोडून चूल पेटवली असं सांगतात. पण त्या चुलीपुढे बसून रांधलं गिरिजाबाईंनीच. आपल्या माताभगिनींना मी काय वेगळं सांगणार? स्वयंपाकघरात ज्यांची हयात गेली, त्यांनी देव लांब राहिला असं मुळीच समजू नये.

नाथांचा दिवस घड्याळासारखा चाले. पहाटे उठून चिंतन, गोदावरीचं स्नान, पूजा, पोथी, दुपारी अतिथींसह भोजन, मग पुराण सांगणं, रात्री कीर्तन. स्नानाहून येताना अंगावर थुंकणाऱ्या माणसासाठी ते पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरले, एकशे आठ वेळा उतरले, पण रागावले नाहीत. काशीची गंगा रामेश्वराला घेऊन जाताना तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात कावड रिकामी केली. तापलेल्या वाळवंटात चुकलेलं, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरचं मूल कडेवर घेऊन त्याच्या आईकडे पोचवलं. श्राद्धाचं अन्न भुकेल्या दलितांना वाढलं म्हणून ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला. यातला कुठलाही प्रसंग देवळाच्या गाभाऱ्यात घडलेला नाही. वाटेवर, घाटावर, ओसरीवर घडलेला आहे.

आणि मग देवच कामाला आला. श्रीखंड्या नावाचा एक साधा गडी नाथांच्या घरी राहिला. बारा वर्षं पाण्याच्या कावडी वाहिल्या, चंदन उगाळलं. तो द्वारकेचा कृष्ण होता हे उशिरा कळलं, आणि कळलं तोवर तो निघून गेला होता. पैठणच्या नाथवाड्यातला तो रांजण भाविक आजही गोदावरीच्या पाण्याने भरतात. काम करता करता देव शोधावा हे आपण म्हणतो. इथे देवानेच आपल्या रोजच्या कामात जागा मागून घेतली.

कचेरीची भाषा, देवाचा मजकूर

नाथांनी भारुडं लिहिली ती जोशी, वासुदेव, गोंधळी, जोगवा मागणारी अशा गावातल्या माणसांच्या तोंडून. त्यातला एक प्रकार वाचून मी तर थक्क झालो. गडावर रोज हाताखालून जाणारे कागद, अर्जदस्त, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी, अभयपत्र, त्यांचाच साचा घेऊन नाथांनी अध्यात्म लिहिलं, फारसी शब्दांसकट! त्या अर्जदस्तात शरीर म्हणजे परगणा, जीव हा तिथला शेकदार आणि बुद्धी ही कारकून. काम, क्रोध यांनी परगण्यात कसा धुमाकूळ घातला आहे, म्हातारपण आणि मृत्यू दारात कसे येऊन उभे आहेत, याचा रिपोर्ट वरच्या धन्याकडे पाठवला आहे. कचेरीत बसून आपण आयुष्यभर अर्ज खरडले, पण त्या कागदावरून वरच्या दरबारात अर्ज करता येतो हे नाथांनाच सुचलं.

एकनाथी भागवताची सुरुवात पैठणला झाली आणि समाप्ती काशीत, सन १५७३ मध्ये. भागवताच्या अकराव्या स्कंधावरच्या अठरा हजारांहून अधिक ओव्या. मराठीत लिहिलं म्हणून काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग सन्मान केला असं सांगतात. याच ग्रंथात अवधूत आणि यदुराजाची कथा येते. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच, अशी आपली श्रद्धा आहे. त्यांनी चोवीस गुरू केले. त्यात पृथ्वी, समुद्र, मधमाशी आहेत, तसाच बाण करणारा एक कारागीरही आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गढला होता, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. दत्तप्रभूंनी त्याला गुरू केलं! आपल्या अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर उभं राहून ज्यांनी नोकरी केली, उल्हासनगरच्या कारखान्यात ज्यांची शिलाई मशीनवर मान मोडली, त्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. भात कांडताना काकणं वाजू नयेत म्हणून हातात एकेकच ठेवणारी मुलगीही त्याच चोविसांत आहे.

आणि शेवटी तीच गडावरची नजर ज्ञानेश्वरीच्या उपयोगी पडली. तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पोथीत चुकीचे पाठ शिरले होते, लोकांनी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी आळंदीला जाऊन ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीचा शोध घेतला, आणि जुन्या प्रती मिळवून, पडताळून सन १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असंही बजावलं. रात्रभर जागून एका पैची चूक शोधणारा तरुण नसता, तर आज आपल्या घरी जी ज्ञानेश्वरी आहे ती कशी असती कोणास ठाऊक!

घरातही सगळं सुरळीत होतं असं नाही. मुलगा हरिपंडित विद्वान, त्याला वडिलांचं मराठीतलं पुराण आणि कुणाच्याही घरी जेवणं पटेना. तो काशीला निघून गेला. नाथ त्याला समजावून परत घेऊन आले, त्याच्या अटीही काही काळ मान्य केल्या. पुढे मुलगा आपणहून निवळला. मुलांशी मतभेद असणाऱ्या आपल्यासारख्यांना यातही धडा आहे.

शेवटची बाकी

भावार्थ रामायण लिहीत असताना नाथांनी आपला काळ ओळखला. राहिलेला भाग गावबा या शिष्याकडे सोपवला. हा गावबा पूर्वी पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला मुलगा! सन १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला, कीर्तनाच्या गजरात, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, नाथांना मिळालेला अनुग्रह आणि स्वामींची समाधी हे सगळं याच तिथीचं मानतात.

सध्या मी आपल्या मंदिराचा उत्सवाचा जमाखर्च लिहितो. पावत्या, महाप्रसादाचे तांदूळ, तेल, मांडववाल्याचं बिल. आधी वाटलं होतं, पुन्हा तेच आकडे कुठे गळ्यात पडले! आता तसं वाटत नाही. गेल्या उत्सवात रात्री अकरा वाजता दहा रुपयांचा फरक आला. खिशातली नोट काढून टाकणार होतो, पण हात थांबला. सगळ्या पावत्या पुन्हा मोजल्या. दोन पावत्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. टाळी नाही वाजवली, पण समोर गाभाऱ्यातली समई चालू होती, आणि त्या तासाभरात मन एकदाही कुठे भटकलं नव्हतं हे लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी जपाला बसलो तेव्हा तीच बैठक धरून बसायचा प्रयत्न केला. रोज जमतं असं नाही. पण आता काउंटरपलीकडे, म्हणजे देणगीच्या टेबलापुढे, जो कोणी येतो त्याच्याकडे मान वर करून बघतो. कोण कुठल्या वेषात आलंय, काय सांगावं?

श्री एकनाथ महाराज की जय!
॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥